नव्वद टक्के झालंय...

दर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे स्टेटस कॉल असतो. पीएम (म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर; दिल्लीतले नव्हेत) स्क्रीन शेअर करतो, एकेका टास्कवर माऊस नेतो आणि विचारतो, "हे किती झालं?" आपण म्हणायचं, "नव्वद टक्के." तो नव्वद टाईप करतो, पट्टी जराशी पुढे सरकते आणि माऊस पुढच्या माणसावर. माणशी वीस सेकंद. हा नव्वदचा आकडा कुठून आला हे कोणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हिशेब एवढाच की पन्नास म्हटलं तर प्रश्न येतात, शंभर म्हटलं तर "दाखव बघू" येतं, आणि नव्वद म्हटलं की वीकएंड सुखाचा जातो.

मी गेली सहा वर्षं हे नव्वद टक्के सांगत आलोय. त्याआधी चार वर्षं इंजिनिअरिंगला "सर, जर्नल ऑलमोस्ट झालंय" सांगत होतो. म्हणजे एकूण अनुभव दहा वर्षांचा धरायला हरकत नाही. :)

आज हे लिहायला बसलो कारण माझ्या अशाच एका नव्वद टक्क्यांची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली. बरेच महिने झाले त्याला, पण डोक्यातून जात नाही.

तर झालं असं. एका विमा कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर बंद करून सगळे ग्राहक नव्या सिस्टिममध्ये हलवायचे होते. प्लॅन चाळीस दिवसांचा. मोठी टास्कं चार. पहिलं मॅपिंग, म्हणजे जुन्या सिस्टिममधली कुठली माहिती नव्या सिस्टिममध्ये कुठल्या रकान्यात जाणार ते ठरवणं, दहा दिवस. ते झालं की दोन कामं समांतर: डेटा हलवणारी स्क्रिप्ट (ही माझी) वीस दिवस, आणि रिपोर्टचे स्क्रीन, तेही वीस दिवस. ही दोन्ही संपली की टेस्टिंग, दहा दिवस. टेस्टिंग आमच्या टीममधल्या एका मुलीकडे होतं. माझ्यापेक्षा वर्षाने ज्युनियर, कामाला एकदम चोख. तिने "ओके" म्हटलं की आम्ही निर्धास्त झोपायचो.

अठ्ठाविसाव्या दिवशीचा स्टेटस कॉल. मॅपिंग १०० टक्के. माझी स्क्रिप्ट ९०. स्क्रीन ९०. टेस्टिंग अर्थातच शून्य, कारण टेस्ट करायला हातात काही आलंच नव्हतं. पण तिने टेस्ट केसेस लिहून ठेवल्या होत्या, म्हणून पीएमने तिथे २० टाकले. सॉफ्टवेअरने बेरीज केली: ८० टक्के. वेळ गेला ७० टक्के आणि काम झालं ८० टक्के! क्लायंट खूश, पीएम खूश, मी तर फारच खूश.

आता हे ८० आले कसे ते बघा. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये वरच्या सारांश-ओळीचा टक्का काढायची रीत अगदी साधी आहे. खालच्या सगळ्या टास्कांचे झालेले दिवस एकत्र करायचे आणि त्यांना एकूण दिवसांनी भागायचं. आमचे झालेले दिवस दहा, अठरा, अठरा आणि दोन, म्हणजे अठ्ठेचाळीस. एकूण साठ. अठ्ठेचाळीस भागिले साठ. चौथीतल्या पोरालाही जमेल. पण या भागाकारात टास्कांना जोडणारे ते बाण कुठे आहेत? कुठेच नाहीत. 'हे संपल्याशिवाय ते सुरू होत नाही' ही प्लॅनमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, तारखा काढताना सॉफ्टवेअर ती वापरतं आणि प्रगती मोजताना विसरून जातं. जिच्यासाठी कोणीही थांबलेलं नाही अशा कामातला एक दिवस आणि जिच्यासाठी चार माणसं हात बांधून बसलीयत अशा कामातला एक दिवस, दोन्ही एकाच भावाने विकले जातात.

खोट अजून खोल होती. मॅपिंगचे जे १०० टक्के होते ना, त्या शीटमध्ये तळाला तीन ओळी पिवळ्या होत्या, शेरा होता 'क्लायंटकडून कन्फर्म व्हायचंय'. दोनशेतल्या तीन ओळी कोण अडवून धरणार? शंभर टक्के! त्यातली एक ओळ संयुक्त पॉलिसीतल्या दुसऱ्या नावाची होती. आणि माझे उरलेले १० टक्के म्हणजे नेमक्या त्याच संयुक्त पॉलिसी, शिवाय जुन्या सिस्टिममध्ये कोणे एके काळी चार निरनिराळ्या प्रकारे लिहून ठेवलेल्या तारखा. म्हणजे सोपं सगळं करून झालं होतं आणि अवघड सगळं राहिलं होतं. हे मला कळत होतं का? हो, कळत होतं. पण अठरा दिवस झालेत, दोन उरलेत, म्हणून नव्वद. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मी खोटं बोललोच नव्हतो. तिथला साधा 'टक्के पूर्ण' हा कालावधीचाच असतो. (प्रत्यक्ष काम किती झालं ते हाताने भरायला 'फिजिकल' टक्क्यांचा वेगळा रकाना आहे तिथे. तो आमच्याकडे कोणी उघडलेलाही मला आठवत नाही.)

त्या दोन दिवसांचे नऊ झाले. त्या नऊ दिवसांत मी ९२ सांगितले, ९५ सांगितले, ९७ सांगितले. आमच्या स्लाईडच्या टेम्प्लेटमध्ये नियम होता: ७५ च्या वर हिरवा, ४० ते ७५ पिवळा, त्याखाली लाल. मी हिरवा. कायम हिरवा. आणि जिला मी अडवून ठेवलं होतं ती २० टक्क्यांवर, म्हणून लाल. टेस्टिंग सुरू व्हायची तारीख उलटून गेली तसा तो लाल अजूनच डोळ्यात भरायला लागला. एका कॉलवर क्लायंटने विचारलं, "टेस्टिंग का मागे पडलंय?" क्षणभर सगळे गप्प. मग पीएम म्हणाला, "वी आर लुकिंग इंटू इट." माझा माईक म्यूट होता. तो मी म्यूटच ठेवला.

सदतिसाव्या दिवशी स्क्रिप्ट तिच्या हातात पडली. शेवटची तारीख हलणार नव्हती, ती क्लायंटने आपल्या वरच्यांना सांगून ठेवलेली. दहा दिवसांचं टेस्टिंग तीन दिवसांत, त्यातला एक दिवस लक्ष्मीपूजनाचा. ती ऑफिसात होती. मी संध्याकाळी चारलाच निघालो, कारण माझं टास्क १०० टक्के झालं होतं!

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. गो-लाईव्ह झाल्यावर काही संयुक्त पॉलिसींमधलं दुसरं नाव गायब असल्याचं सापडलं. कारणमीमांसेच्या डॉक्युमेंटमध्ये वाक्य आलं, 'टेस्टिंगमध्ये निदर्शनास आले नाही.' वाक्य शब्दशः खरं आहे. त्या वर्षी तिचं रेटिंग एका पायरीने खाली आलं, माझं होतं तिथेच राहिलं, आणि तीन महिन्यांनी तिने पेपर टाकले. निरोपाच्या केकला मीही गेलो होतो. तिथेही काही बोललो नाही. मध्यंतरी उशिरा का होईना, तिला मेसेज केला की ते स्क्रिप्टचं प्रकरण माझं होतं, सॉरी. तिचं उत्तर आलं, "किती टक्के सॉरी?" आणि पुढे जीभ काढलेला स्मायली. माफ केलं की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

असो.

तुम्ही म्हणाल, हा माणसाचा दोष, सॉफ्टवेअरच्या माथी कशाला मारतोस? माणसाचा दोष आहेच, मी तो लपवत नाहीये. पण सॉफ्टवेअर त्या दोषाला चांगली बसायला खुर्ची देतं, हे माझं म्हणणं आहे. उदाहरण देतो. माझं टास्क ९० टक्क्यांवर अडकलं आणि त्याची संपायची तारीख उलटून गेली. आता उरलेलं १० टक्के काम कधी होणार? अर्थातच आजनंतर. भूतकाळात जाऊन कोणी काम करत नाही. पण मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आपणहून ते पुढे सरकवत नाही. 'उरलेलं काम अमुक तारखेनंतर ढकल' असं मुद्दाम सांगावं लागतं. तसं सांगितलं नाही तर तो १० टक्क्यांचा तुकडा गेल्या आठवड्यातच लटकत राहतो, आणि त्याला बांधलेलं पुढचं टास्क आपल्या जुन्याच तारखेला सुरू होणार असं चित्र दिसत राहतं. आमच्या प्लॅनमध्ये नऊ दिवस हेच दिसत होतं. एकदा जरी ते बटण दाबलं असतं तरी शेवटची तारीख पुढे सरकली असती आणि भांडण वेळेवर झालं असतं. (म्हणूनच कोणी दाबत नसावं.)

बांधकामवाले लोक याबाबतीत आपल्यापेक्षा प्रामाणिक आहेत. ते प्रिमाव्हेरा वापरतात. त्यात आधीचं काम अर्धवट असताना पुढचं सुरू झालेलं दिसलं तर काय करायचं हे आधीच निवडून ठेवावं लागतं. एक पर्याय असा की पुढच्याचं उरलेलं काम आधीचं संपेपर्यंत थांबवून धर. दुसरा असा की तो बाण विसर आणि पुढे जा. कुठलाही निवडा, पण निदान प्रश्न तरी विचारला जातो. आमच्या त्या टेस्टिंगच्या २० टक्क्यांना हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. आणि जिरामध्ये तर 'हे त्याला अडवतंय' अशी जोडणी करून ठेवा, अडवलेलं तिकीट कोणीही खुशाल ओढून 'डन'मध्ये टाकू शकतो. मुद्दाम तसे नियम लावले नसतील तर ती जोडणी म्हणजे नुसती चिठ्ठी.

यावरून आमच्या घरचे मोदक आठवले. गणेश चतुर्थीला सकाळी अकराच्या सुमारास बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारतात, "नैवेद्याला किती वेळ?" आई आजवर कधी टक्क्यांत बोललेली नाही. ती म्हणते, "सारण झालंय, गार होतंय. उकड काढायचीय." बस. ऐकणाऱ्याला सगळं कळतं. सारण गार झाल्याशिवाय भरता येत नाही, उकड गरम असतानाच मळावी लागते, आणि मळून ठेवून दिली तर कोरडी पडते, पाऱ्या चिरतात. म्हणजे उकड लवकर करून ठेवणं ही प्रगती नाहीच, ते नुकसान आहे. आमच्या सॉफ्टवेअरला विचारलं असतं तर त्याने लवकर केलेल्या उकडीला पूर्ण मार्क देऊन 'मोदक ७० टक्के' म्हणून सांगितलं असतं, आणि पाटावर एकही मोदक नसता. आमच्याकडेही हे होतंच की. मॅपिंग पक्कं व्हायच्या आधी घाईने बनवलेले रिपोर्टचे स्क्रीन नंतर दोनदा मोडून केले. तेही आधी नव्वद टक्केच होते.

आणि हे फक्त आयटीचं दुखणं नाही. मुंबईची मेट्रो-३ घ्या. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, एक सोडून सगळी जमिनीखाली. बोगदे किती टक्के खणून झाले याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये बोगद्यांचं काम शंभर टक्के झालं. पण गाड्या रात्री उभ्या करायला, धुवायला, दुरुस्त करायला डेपो लागतो. त्याचं आरेतलं काम नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबवलं गेलं, ऑक्टोबर २०२० मध्ये तो कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, डिसेंबरमध्ये तिथे हायकोर्टाची स्थगिती आली, आणि २०२२ मध्ये पुन्हा आरे. यात कोण बरोबर कोण चूक यात मी शिरत नाही, तो वेगळा आणि मोठा विषय आहे, झाडांसकट. माझा मुद्दा एवढाच की डेपोचं घोडं अडलेलं असताना बोगद्याचा टक्का मात्र दिमाखात चढत होता, आणि त्या टक्क्यावरून प्रवाशाला आपण गाडीत कधी बसणार हे काही कळत नव्हतं. बोगद्यानंतर रूळ, सिग्नल, स्टेशनं, सुरक्षा तपासण्या अशीही रांग होतीच. आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि कफ परेडपर्यंत गाडी पोचायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

गंमत म्हणजे हे शास्त्र ज्यांनी काढलं त्यांच्या डोक्यात असला गोंधळ नव्हता. १९५८ च्या आसपास अमेरिकन नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट काढलं. आपण ते इंजिनिअरिंगला दहा मार्कांसाठी पाठ केलेलं आहे. आशावादी, संभाव्य, निराशावादी वेळ, अधिक चार पट, भागिले सहा वगैरे. त्यातले गोल आठवतात? ते गोल म्हणजे घटना. घटना घडते किंवा घडत नाही. नव्वद टक्के घडलेली घटना असा प्रकारच नाही.

आणि प्रोग्रॅमरच्या नव्वद टक्क्यांची थट्टा तर १९८५ पासून छापील आहे. बेल लॅब्जच्या टॉम कारगिलच्या नावावरचा तो विनोद जॉन बेंटलीने आपल्या सदरात दिला होता: कोडच्या पहिल्या नव्वद टक्क्यांना नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी तेवढाच. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, आणि तरी आम्ही दर शुक्रवारी तोच विनोद न हसता सांगतो.

मग माझं म्हणणं काय? ज्या कामावर दुसऱ्याचं काम अवलंबून आहे, त्याला टक्क्यांचा रकानाच देऊ नये. शून्य किंवा शंभर. आणि तो शंभर मी टाकायचा नाही, माझ्या पुढच्या माणसाने टाकायचा. टेस्टरने डेटा उघडला, तिला काम सुरू करता आलं, की तिने माझ्या टास्कवर खूण करायची. मॅपिंगवरची खूण मी करायची. तीन पिवळ्या ओळी असताना मी केली नसती. (बहुतेक.)

'शून्य किंवा शंभर' हे काही माझं संशोधन नाही, खर्च आणि वेळापत्रक मोजणाऱ्या मंडळींकडे हा नियम जुना आहे. पुढच्या माणसाने खूण करायची ही भर आमच्या कॅन्टीनमधली.

यावर आक्षेप भरपूर आहेत आणि ते खोटे नाहीत. वीस दिवसांचं काम एकोणीस दिवस शून्य दिसणार. मॅनेजर घाबरणार, साहजिक आहे. त्यावर उपाय म्हणजे कामाचे तुकडे करायचे, पण तेही फार केले तर माणूस काम कमी आणि तुकड्यांची नोंद जास्त करत बसतो. पुढचा माणूस खडूस निघाला तर मुद्दाम अडवून ठेवेल, हीही भीती. आमचा पीएम म्हणाला, "अरे, पण मला वर काहीतरी आकडा द्यावाच लागतो ना." हे मात्र त्याचं खरं आहे. त्याला मी दोन आकडे सुचवले. एक, आज घडीला किती माणसं कोणाची तरी वाट बघत बसलीयत. दोन, उरलेले दिवस, झालेले नव्हेत. "किती झालं?" ला माणूस सहज ९० म्हणून जातो, "अजून किती दिवस?" म्हटलं की अडखळतो, डोकं खाजवतो, आणि मग त्या संयुक्त पॉलिसी आठवतात. त्या अठ्ठाविसाव्या दिवशी मला हे कोणी विचारलं असतं तर मी नऊ म्हटलं नसतं, पण दोनही म्हटलं नसतं. पाच-सहा तरी म्हटलं असतं. तेवढ्यानेही तिची दिवाळी कदाचित वाचली असती.

शिवाय बाण एकत्र येतात तिथे वेगळीच मजा असते, ती तर कोणीच बघत नाही. समजा टेस्टिंग तीन कामांसाठी थांबलंय आणि प्रत्येक काम वेळेवर व्हायची शक्यता ८० टक्के. कामं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर तिन्ही वेळेवर व्हायची शक्यता ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे जेमतेम ५१ टक्के. नाणं उडवल्यासारखंच. तिघंही आपापल्या जागी म्हणणार, "माझं बऱ्यापैकी सेफ आहे," आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाचं वेळापत्रक नाण्यावर. म्हणून लाल रंग नेहमी शेवटच्यालाच लागतो.

गेले तीन आठवडे आमच्या नव्या प्रोजेक्टच्या एका छोट्या भागावर आम्ही हे करून बघतोय. पहिल्याच आठवड्यात मी एक टास्क झालं म्हणून सांगितलं. नव्या टेस्टरने ते उघडलं आणि दहा मिनिटांत कळवलं, "मी खूण करत नाहीये, टेस्ट डेटाचा अॅक्सेसच नाही." एवढा राग आला म्हणून सांगू! कोड झाला होता, काम माझं नव्हतं, अॅक्सेस देणारा दुसराच. पण सुरू तर ती करू शकत नव्हतीच. दोन दिवस माझं टास्क शून्यावर बसलं, आणि त्या दोन दिवसांत मी अॅक्सेससाठी जेवढे फोन केले तेवढे एरवी सहा महिन्यांत केले नसते.

येत्या शुक्रवारी क्लायंट पहिल्यांदा हा तक्ता बघणार आहे. पीएमने शेवटच्या स्लाईडवर टक्क्यांची जुनी हिरवी पट्टी ठेवलीच आहे, "असू दे रे, लागली तर" म्हणून.